सोमवार रात्रीची बोली

सिडको एन-९, छत्रपती संभाजीनगर
२ मार्च २०२५

दादा,

तुला आणि आप्पांना नमस्कार.

पत्र बघून दचकू नको, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. जरा काही विचारलं की 'रेंज नाय, रेंज नाय' करतोस आणि कापतोस. म्हणून लिहिते. अख्ख्या फर्दापूरला तू टपाल वाटतोस, एखादं तुझ्याही नावाचं येऊ दे.

इकडं सगळं ठीक. वाळूजच्या कंपनीत ह्यांची पाळी पुन्हा बदलली. तुझी भाची अक्षदा हॉटेलात लागलीय हे सांगितलंच होतं. सकाळच्या नाश्त्याचं काम तिच्याकडं आहे, पहाटे पाचला घर सोडते.

खरं विचारायचंय ते एवढंच. महाशिवरात्रीला तू कुठं होतास? दरवर्षी वेरूळला घृष्णेश्वराला येतोस आणि जाताना माझ्याकडं टेकतोस. यंदाही मी साबुदाणा भिजवून ठेवला होता. संध्याकाळी तो मी नि अक्षदानंच खाल्ला. तू आला नाहीस, फोनही नाही. वहिनी तर चार महिने झाले फोनवर येत नाहीत. कधी शेजारी गेलेल्या, कधी झोपलेल्या. दिवसा झोपणारं माणूस नव्हे ते.

मी तुझी धाकटी बहीण आहे, पोलीस नाही. पण जे असेल ते खरं लिही.

तुझी,
अंबिका


फर्दापूर
८ मार्च २०२५

अंबिका, बाळा,

पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावाचं हे तिसरं पत्र. पहिलं नेमणुकीचं, दुसरं बदलीचं. थैलीतून निघालं तेव्हा वाटलं दुसऱ्या कुणा बिभीषणचं असंल, पण गावात दुसरा बिभीषण नाय.

शिवरात्रीला घरीच होतो. उपास धरला, दिवसभर अंगणात बसून काढला. गुडघा दुखतोय, वेरूळच्या गर्दीत उभं राहणं होत नाय. म्हणून आलो नाही. मनात दुसरं काही आणू नको.

आप्पा बरे आहेत. ऑपरेशन झालेला पाय आता चांगला टेकतो. काठी घेऊन इब्राहीमभाईच्या दुकानापर्यंत जातात आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिथंच गप्पा मारत बसतात. दीपमालापण ठीक. जरा बारीक झालीय. ऊन लई आहे यंदा, जेवण जात नाय.

अक्षदाला म्हणावं पहाटे एकटी जात जाऊ नको. ती कोणत्या हॉटेलात आहे म्हणालीस? नाव आणि रस्ता कळव.

दादा


छत्रपती संभाजीनगर
१३ मार्च २०२५

दादा,

हॉटेलचं नाव कशाला पाहिजे तुला? पुढच्या वेळी चुकवायला?

तू खोटं लिहिलंस. विचारायच्या आधीच मला माहीत होतं, म्हणून तर विचारलं. माझा भाऊ मला काय सांगतो ते बघायचं होतं.

शिवरात्रीच्या सकाळी साडेआठला अक्षदा नाश्त्याच्या टेबलांपाशी उभी होती. खांद्याला पोस्टाची खाकी पिशवी लावलेला एक माणूस आत आला, म्हणून तिनं बघितलं, तर तू. तू स्वतः काही खाल्लं नाहीस. प्लेटमधी दोन इडल्या आणि वाटीभर दही घेतलंस, वर रुमाल झाकलास आणि लिफ्टकडं गेलास. ती हाक मारणार होती, पण तुझा चेहरा बघून तिची हिंमत झाली नाही. कोणत्या खोलीत किती माणसं, ती यादी तिच्याच हातात असते. खोली दोनशे सात, माणसं दोन, नाव निलोफर.

दहा वाजता तू खाली उतरलास. शेजारी एक बाई. डोक्यावरून काळी ओढणी, तोंडाला मास्क, दिसत होते ते नुसते डोळे. तुझा दंड धरून हळूहळू चालत होती. तिच्यासाठी तू रिक्षावाल्याशी भांडलास, 'गाडी पार दारापाशी घे' म्हणून. वहिनींसाठी तू असा कुणाशी भांडलेला मला तरी आठवत नाही.

उपासाच्या दिवशी ती इडली कुणासाठी होती? वहिनी तर शिवरात्रीला पाणीसुद्धा मोजून पितात.

आणि निलोफर म्हणजे कोण? इब्राहीमभाईंची? त्यांच्या घरी ईदचा शिरखुर्मा खात आपण मोठे झालो, म्हणून जातीचं-धर्माचं काही मी काढत नाही. पण ती पोरगी आपल्या अक्षदाच्या वयाची आहे, दादा.

ते हॉटेल माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. सख्ख्या बहिणीचं घर गावात असताना भाऊ हॉटेलात उतरतो! लोकांना कळलं तर मी काय सांगू?

अंबिका


फर्दापूर
२० मार्च २०२५

अंबिका,

तीनदा वाचलं तुझं पत्र. आधी निलोफरचं सांगतो, कारण त्या पोरीचं नाव फुकट खराब व्हायला नको.

व्हय, इब्राहीमभाईचीच निलोफर. लेणी बघायला येणाऱ्या लोकांना ती मोबाइलवर खोल्या लावून देते, तोच तिचा धंदा. त्या हॉटेलात ती आलीच नव्हती. खातं तिचं, म्हणून यादीत नाव तिचं.

ते कसं असतं ते ऐक. एक साइट आहे. त्यावर हॉटेलचं नावच दाखवत नाहीत. शहरातला कोणता भाग, किती तारे, लिफ्ट आहे का, नाश्ता आहे का, एवढंच. भाव आपण बोलायचा. पसंत पडला तर पैसे लगेच कापून घेतात आणि मग नाव उघडतं. आवडलं नाही तरी पैसे परत नाहीत. मला तर ही सरळसरळ लूट वाटली. आप्पा लासूर स्टेशनच्या बाजारात मेंढरं विकायला न्यायचे, तेव्हा व्यापारी उपरण्याखाली बोटं धरून भाव करायचे, आठवतं? बाजूला उभ्या माणसाला काय ठरलं ते कळायचं नाय. पण तिथं निदान मेंढरू तरी समोर असायचं. इथं मेंढरूच झाकलेलं!

निलोफरनं समजावलं. म्हणाली, चाचा, शनिवार-रविवारचे लोक गेले की सोमवारी खोल्या रिकाम्या पडतात. रिकाम्या खोलीचं मालकाला काहीच मिळत नाही, त्यापेक्षा हजार रुपये काय वाईट? पण उघडपणे स्वस्त दिली तर पूर्ण पैसे भरणारं गिऱ्हाईक भांडायला येतं. म्हणून नाव झाकून विकतात. त्या दिवशी ती आधी छावणीचा भाग धरून सातशे बोलली. नामंजूर. एकदा नामंजूर झालं की तीच बोली दिवसभर पुन्हा लावता येत नाही, पण जोडीला नवीन भाग घेतला की चालतं. मग तिनं स्टेशनचा भाग जोडला, आठशे म्हणाली. तेही नाही. मग तिसरा भाग जोडून साडेनऊशे. मंजूर! अठ्ठावीसशेची खोली. आम्ही दोघं दुकानात टाळ्या वाजवायला लागलो. तेवढ्यात नाव उघडलं, जालना रोडचं हॉटेल. अक्षदा तिथंच कामाला आहे हे मला माहीत असतं तर... पण माहीत असून तरी काय उपयोग? तिथं 'हे नको, ते द्या' म्हणता येत नाही.

मी शहरात का येतो, तर पोस्टाचं प्रशिक्षण असतं. नवीन मशीन आलंय, दर काही आठवड्यांनी बोलावतात.

त्या बाईबद्दल मला लिहिता येत नाही. तिनं शपथ घातलीय. त्यात पाप नाय, एवढं मात्र आप्पांच्या गळ्याची आण घेऊन सांगतो.

आणि हात जोडून एक मागणं. दीपमालाजवळ ह्यातलं एक अक्षर काढू नको. तिला आत्ता कसलाही त्रास नको.

दादा


छत्रपती संभाजीनगर
२९ मार्च २०२५

वहिनी,

हे पत्र तुमच्या हातात पडेल का, मला शंका आहे. फर्दापूरचं टपाल ज्याच्या हातून जातं, त्याच्याबद्दलच लिहायचंय. म्हणून पाकीट चिकटवून वर टेप लावलीय. टेप फाटलेली असेल तर समजून जा.

कसं लिहू? दादा शहरात येतो आणि एका बाईबरोबर हॉटेलात राहतो. मला म्हणाला पोस्टाचं प्रशिक्षण आहे. मी मोठ्या पोस्टात जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं, फर्दापूरच्या माणसाला ह्या वर्षात एकदाही बोलावलेलं नाही. मग अक्षदानं हॉटेलात काम करणाऱ्या तिच्या मैत्रिणींकडं चौकशी केली. ३ फेब्रुवारीला छावणीतलं एक हॉटेल. २४ फेब्रुवारीला अक्षदाचं. १७ मार्चला स्टेशनजवळचं. दर तीन आठवड्यांनी सोमवार-मंगळवार, दोन रात्री. छावणीतली पोरगी म्हणाली, ती बाई जेवायलासुद्धा खोलीबाहेर आली नाही. दर खेपेला हॉटेल वेगळं. दादा म्हणतो ती साइटच वेगवेगळं देते. चोरसुद्धा दर रात्री वेगळ्या जागी झोपतो.

तुम्हाला सांगू नको म्हणून त्यानं हात जोडलेत. तेव्हाच माझी खात्री पटली.

वहिनी, तो माझ्या पाठचा नाही, पुढचा भाऊ आहे, त्याला बापासारखं मानलं. पण ह्यात मी तुमच्या बाजूनं आहे. रडत बसू नका. आप्पांना घेऊन सरळ इकडं निघून या. माझं घर तुमचंच आहे.

अंबिका


फर्दापूर
४ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र ह्यांच्याच हातनं आलं. टेप बघितली, अक्षर वळखलं. आत काय हाय तेबी वळखलं असणार, तोंड पार उतरलं हुतं. पण उघडलं नाय. 'तुझं टपाल' म्हणाले, माझ्या हातात दिलं नि सायकल घेऊन गेले ते दिवस मावळला तवा आले. आल्यावरबी काय लिहिलंय म्हणून विचारलं नाय.

ती बाई मीच हाय.

दिवाळीनंतर छातीत गाठ लागली हाताला. डिसेंबरात तपासलं तर कॅन्सर निघाला. जानेवारीपासून दर तीन आठवड्याला सलाईन लावतात. मंगळवारी सकाळी सातला नंबर लावायचा, म्हणून सोमवारी यावं लागतं. सलाईन झाल्यावर रातभर उलट्या, बसमधी बसवत नाय, म्हणून दुसरी रात. पहिल्या खेपेला एका लॉजवर उतरलो. सगळ्या लॉजला मिळून एक संडास. आठ दिसात अंगात ताप भरला. डॉक्टर ह्यांच्यावर लई वरडला, असल्या माणसाला घाण जागी ठिवता का म्हणून. चांगल्या हाटेलाचा भाव ऐकला नि आमी गप बसलो. तवा निलोफरनं हे बोलीचं काढलं. दर खेपेला चार-चार तास ती मोबाइल घेऊन बसती. धुतलेल्या चादरी, आतच संडास, लिफ्ट. लॉजच्या पैशात. तिच्यावर तुम्ही संशय घेतला ते मला लई लागलं.

डोक्याचे केस गेले म्हणून ओढणी. जंतू नको म्हणून मास्क. इडली माझ्यासाठीच हुती. डॉक्टरनं उपास मना केलाय. देवाला कळतं.

आता तुमच्या घरी का येत नाय, ते. हे ह्यांनाबी म्हाईत नाय. त्यांना वाटतं मी हट्टी हाय. बहिणीचं घर सोडून हाटेलात कशाला, म्हणून दोनदा माझ्यावर रागावले. मी म्हणलं, तिथं नेणार असाल तर मी सलाईन घेत नाय. तवा गप झाले. तुमच्याशी खोटं बोलले ते माझ्या शपथेपायी.

दोन वर्षामागं आप्पांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तवा आमी एकोणीस दिस तुमच्याकडं हुतो. तुम्ही लई केलं. चारला उठून डबा केला, तुमची गादी मला दिली. त्यातलं काही विसरले नाय. सतराव्या दिशी मी दवाखान्यातनं रिकामा डबा घेऊन आले. जिना चढत हुते. तुम्ही वर गॅलरीत शेजारच्या बाईशी बोलत हुता. म्हणाला, 'गावात मोठा दवाखाना असला की माहेरची माणसं संपतच नाहीत. घर घेतलं का धर्मशाळा उघडली, काही कळंना. आता म्हातारा उठला की हिचं काहीतरी निघंल.'

हिचं म्हंजी माझं.

तुमचं बोलणं संपूस्तर मी जिन्यातच उभी ऱ्हायले. मग खोकले नि वर आले. तुम्ही हसून मला चहा दिला.

वन्सं, तुम्ही थकला हुता. मी तुमच्या जागी असते तर मीबी बोलले असते. पण खरंच माझं निघालं की हो. डॉक्टरनं कॅन्सर म्हणल्याबरुबर माणसाला आधी मरणाची भीती वाटावी. मला तुमचं बोलणं आठवलं. मला वाटलं, बघा, निघालं.

आता तुम्ही लिहिता, माझं घर तुमचंच हाय.

सात तारखेला पुन्हा यायचंय. कुठलं हाटेल ते अजून म्हाईत नाय. तुम्ही येऊ नका असं मी म्हणत नाय. या, असंबी म्हणत नाय.

दीपमाला


छत्रपती संभाजीनगर
१२ एप्रिल २०२५

दादा,

मंगळवारी मी तुमच्या खोलीच्या दारात उभी राहिले, तेव्हा तू 'आलोच' म्हणून खाली गेलास आणि दीड तास वर आला नाहीस. तुला काय वाटलं असेल? तुझ्या बहिणीला सगळं कळलं, तिनं पळत येऊन भावजयीची सेवा केली. तसं नाही. वहिनी मला म्हणाल्यात की दादाला सांगू नका. मी त्यांचं ऐकत नाही.

आप्पांच्या ऑपरेशनच्या वेळी मी शेजारणीला म्हणाले होते की माझ्या घराची तुम्ही धर्मशाळा केलीय, आणि म्हातारा उठला की वहिनींचं काहीतरी निघेल. वहिनींनी जिन्यातून ते ऐकलं. म्हणून त्या माझ्या घरी येत नाहीत. त्या हट्टी नाहीत. त्यांच्यावर तू दोनदा रागावलास, ते माझ्या वाटचं होतं.

आता पुढचंही खरंच सांगते. त्यांचं पत्र वाचल्यावर मला आधी राग आला. वाटलं, मी असं बोललेच नाही. दोन दिवस मी आठवायचं नाकारलं. मग शेजारणीलाच विचारलं, मी तसं काही म्हणाले होते का हो? ती म्हणाली, 'तुम्ही तर रोजच म्हणायच्या.'

रोजच, दादा. त्यांनी एकदाच ऐकलं.

मग निलोफरला फोन केला. हॉटेलचं नाव विचारलं, तर मला म्हणते, चाची हो म्हणाल्या तरच सांगेन. अर्ध्या तासानं तिचा मेसेज आला, उस्मानपुऱ्यातलं हॉटेल, खोली एकशे चार. तिची माफी मागितली, तर हसायला लागली. म्हणाली, 'क्या फुफी, चाचा पे शक करे तुम? उनको तो मोबाइल का लॉक बी खोलना नै आता.' मी हसले आणि मग फोन ठेवून रडले.

रिक्षात बसल्यावरही मनात वेगळंच चाललं होतं. म्हणेन, वहिनी, तुमच्या ऐकण्यात काही घोळ झाला असेल. दारापर्यंत तेच घोकत आले. तू खाली गेलास, मी आत शिरले. त्या पलंगाला टेकून बसल्या होत्या. ओढणी उशाशी पडली होती. मला बघून त्यांनी ती डोक्यावर ओढली नाही, तशाच बघत राहिल्या. मग माझं घोकलेलं काही आलं नाही.

'बोलले होते मी,' मी म्हणाले.

'म्हाईत हाय.'

'एकदा नाही, लई वेळा बोलले.'

'ते मला नव्हतं म्हाईत,' म्हणाल्या.

मी माफी मागितली. त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, 'आत्ता नाय जमायचं वन्सं. आत्ता उलटी येतीय.'

मी बादली धरली. लागोपाठ तीनदा झालं. पाठ चोळताना मला त्यांच्या मणक्याचे मणी बोटांना मोजता येत होते. तोंड पुसलं, पाणी दिलं, तेही टिकलं नाही. बऱ्याच वेळानं जरा शांत झाल्या. मला वाटलं झोप लागली, म्हणून उठायला गेले, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, 'पाय लई गार पडल्यात. चेपा जरा.'

तू वर आलास तेव्हा मी पाय चेपत होते. तू ते बघून हसलास, म्हणून हे पत्र. तू ज्याला हसलास ते अजून झालेलं नाही. त्यांनी मला माफ केलेलं नाही. फक्त पाय चेपू दिले.

तुझ्यावर मी घाण संशय घेतला. त्याबद्दल तू काय म्हणशील ते मला ऐकायचंय.

अंबिका


फर्दापूर
१९ एप्रिल २०२५

अंबिका,

पत्र मिळून चार दिवस झाले. लगेच लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

तू माझ्यावर संशय घेतलास, त्याचं मला काही वाटत नाय. खोटं बोलणाऱ्या माणसावर संशय नाही घ्यायचा तर कुणावर घ्यायचा? मला तर खोटंसुद्धा धड सांगता आलं नाय, पोस्टाचंच नाव घेतलं. आप्पांना म्हातारा म्हणालीस, तेबी सोडून दे. ते स्वतःला तेच म्हणतात.

पण 'हिचं काहीतरी निघंल' हे मला गिळता येत नाय. मी दोनदा तिच्यावर ओरडलो. एकदा तर ताट सरकवून उठलो. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं, पण तुझं नाव घेतलं नाय, बहीण-भावात माझ्यापायी भांडण नको म्हणून. हे मला आता झोपू देत नाय. मी तिच्यासमोर बसून सांगितलं, चुकलं माझं. ती म्हणाली, ताट सरकवलं त्या दिवशी भाजीत मीठच नव्हतं, मला वाटलं त्याचा राग आला. मग आम्ही दोघंबी हसलो. लई महिन्यांनी.

तुला माफ करणं न करणं माझ्या हातात नाय. ते तिचं. तू मला आपणहून कळवलंस, एवढं मात्र मी लक्षात ठेवीन.

रिपोर्ट गुरुवारी आला. गाठ निम्म्याहून लहान झालीय. अजून दोन सलाईन आणि मग जूनमधी ऑपरेशन. ऑपरेशनानंतर ड्रेसिंगसाठी पंधरा-वीस दिवस शहरातच राहावं लागणार. निलोफर म्हणाली, एकदम पंधरा रात्रींची बोली लावू, चांगला भाव पाडते. दीपमाला नको म्हणाली. मला वाटलं, आता ऑपरेशनालाच नाही म्हणतीय की काय. तर म्हणाली, वन्संकडं राहू.

मी विचारलं, नक्की? तिनं एक अट घातली. ती बोलली तशीच लिहितो.

'मला तिथं वीस दिस लागतील, महिनाबी लागंल. आजारी माणसाचा कंटाळा येतो. वन्संनाबी येणार. आला की माझ्या तोंडावर सांगायचं. मी ऱ्हाईन नायतर उठून जाईन, माझं मी बघीन. पण दुसऱ्या कुणाला सांगायचं नाय.'

उत्तर मला नको, तिला लिही.

दादा


छत्रपती संभाजीनगर
२३ एप्रिल २०२५

वहिनी,

'मान्य' एवढं लिहायला मिनिटभर लागलं असतं. मी दोन दिवस घेतले. मला खरंच जमेल का, ते बघायचं होतं.

कंटाळा येईल मला. आठव्या-नवव्या दिवशी येईलच, मी स्वतःला ओळखते. आला की तुमच्या खोलीत येईन, दार लावीन आणि तुमच्यासमोर बसून सांगेन. त्या दिवशी स्वयंपाक हे आणि अक्षदा करतील. मी दिवसभर आडवी होईन. तेव्हा तुम्ही उठून कामाला लागायचं नाही आणि बॅग भरायची नाही. ही माझी अट.

पलंग मागच्या खोलीत हलवला. तिथून संडास सात पावलांवर आहे. तुमच्या चालीनं दहा धरा. मधी एक उंबरा होता, तो ह्यांनी काल काढून टाकला.

अंबिका